आयची रोजची एकादशी

"तुमच्या आईला आजार आहे, पण त्या आजारानं ती इथं आलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "हे स्टार्व्हेशन आहे."

मला तो शब्द कळला नाही. मी सातवी पास, इंग्रजी माझ्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मराठीत सांगितलं, "उपासमार. या बाईंना कित्येक महिने पोटभर अन्न मिळालेलं नाही."

माझ्या शेजारी माझा थोरला भाऊ उभा होता. आम्ही त्याला दादा म्हणतो. पनवेलच्या एका भाताच्या गिरणीत तो कामाला, तिथूनच धावत आलेला, डोक्यावर आणि भुवयांवर कोंडा तसाच. तो म्हणाला, "डागदरसाहेब, आमची आय उपास लय करते. माळकरी हाय ती." हे सांगताना त्याची मान ताठ झाली होती. मी दादाकडे बघत राहिले, आणि त्या वेळी माझ्या पोटात जे पेटलं ते अजून विझलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून क्षमेची वाट बघत वाचायला नको.

एकोणीसशे साठच्या आसपासची ही गोष्ट. माझं सासर पेणला, माहेर पनवेलला. वडील आगरी माळकरी होते, खाडीकाठच्या मिठागरावर राबून गेले. आय त्यांच्यामागं दादाकडे राहत होती. आज ज्यांच्या घरात असं विसराळू म्हातारं माणूस आहे, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. आणि ज्यांच्या हातात असं माणूस सोपवलेलं आहे, त्यांनीही वाचावं. त्यांनी जरा घाबरून वाचलं तरी माझी हरकत नाही.

आयचा मूळ आजार दोनेक वर्षं आधी सुरू झाला. आधी भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. मग ती विहिरीवर जाऊन रिकामीच परत यायची, कळशी तिथंच. मग एक दिवस तिनं दादाला विचारलं, "तुजा बाबा मिठागरावरनं आला का नाय अजून?" वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरातले हसले. म्हातारपण आहे, चालायचंच, असं सगळेच म्हणाले.

डॉक्टरांनी पुढं मला त्याचं नाव सांगितलं, सीनाइल डिमेन्शिया. म्हणजे म्हातारपणी मेंदू झिजत जातो. माणूस ताजं आधी विसरतं आणि जुनं मागाहून. लग्नातली गाणी आठवतात, पण तासाभरापूर्वी जेवलो ते आठवत नाही. याला औषध नाही, असंही त्यांनी सांगितलं. "औषध नाही, पण सांभाळणं आहे," असे त्यांचे शब्द होते.

तासाभरापूर्वी जेवलेलं आठवत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं.

आय जेवून उठायची, हात धुवायची आणि थोड्या वेळानं पुन्हा ताट मागायची. दिलं नाही तर आळीत जाऊन सांगायची, "मला सून जेवाला घालत नाय." त्या दिवसांत ते खोटं होतं. आळीतल्या बायका गालात हसायच्या आणि माझ्या वहिनीकडे बघायच्या. वहिनीला ते फार लागायचं. तिचं नाव जनी. कामाला वाघीण, जिभेला तिखट, आणि चारचौघांत नाव जाईल याची तिला भारी धास्ती.

मी गणपतीला यायची. लेकीबाळी येतात तशीच. त्या वर्षी गणपतीला आले तर आय वाळलेली दिसली. चोळीच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "आत्याबाय आता रोजच एकादस धरतात. ताट पुढं केला तर ढकलून देतात. आमी काय करायचा?" आत्याबाय म्हणजे सासू. मी स्वतः ताट वाढून आयपुढं ठेवलं. आयनं खरंच ते ढकललं आणि हात जोडून म्हणाली, "आज एकादस हाय." लग्न होऊन आल्यापासून आयनं एकही एकादशी मोडली नव्हती. त्या दिवशी ती कोरा चहा आणि फार तर एखादं केळं घ्यायची, बाकी काही नाही.

मी विचारलं होतं, आणि मला उत्तर मिळालं होतं. उत्तर खोटं निघालं तर तो दोष विचारणाऱ्याचा नाही. कुणी मला नंतर सुचवलं की तू जरा जास्त खोदून विचारायला हवं होतंस. त्यांना मी दारातूनच परत पाठवलं.

आणि आळी काय करत होती? आळी आयच्या पाया पडत होती. म्हातारीला वेड लागलं, पण देवाचं लागलं, अशी बोलवा झाली. शेजारची येसूमावशी तर पाणी भरायला जाताना रोज ओट्यापाशी थांबून आयच्या पावलांवर डोकं टेकवायची. आय बसल्या जागी डुलत असायची. भुकेनं डुलत होती ती. हे लोक तिला ध्यान लागलंय असं समजले. असली चूक माळकऱ्यांच्या आळीतच होऊ शकते. दुसऱ्या कुठल्या वस्तीत म्हातारीचे गाल बसलेले दिसले असते तर कुणीतरी भाकरीचा तुकडा पुढं केला असता. आमच्याकडे फुलं वाहिली.

कार्तिक सरता सरता आय विहिरीपाशी चक्कर येऊन पडली. बायकांनी तिला खाटेवर घालून दवाखान्यात नेलं. मला निरोप एसटीच्या कंडक्टरनं आणला. त्या वेळी पनवेल-पेण निरोप असेच जायचे. त्यानं खिडकीतूनच सांगितलं, "पनवेलची आय लय सिरियस हाय, लगेच निघा." मी त्याच गाडीच्या परतीच्या फेरीला बसले.

दवाखान्यात नर्सनं आयचं लुगडं बदलायला घेतलं तेव्हा मी पहिल्यांदा तिचं अंग पाहिलं. कंबरेवर दोन जखमा होत्या. त्यांना बेडसोअर म्हणतात. माणूस एकाच कुशीवर, ओल्यात पडून राहिलं की हाडावरची कातडी कुजते. नखं वाढून वळली होती. जीभ कोरडी, मध्ये चिरलेली. केसांत जटा. नर्सनं नुसतं माझ्याकडे बघून कापसाचा बोळा जांभळ्या औषधात बुडवला.

आधी सलाइन लावलं. काचेची उलटी बाटली, तिच्यातून थेंब थेंब. मग पेज. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की आता लाडानं एकदम खाऊ घालू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या पोटात एकदम अन्न गेलं तर माणूस दगावतं. चमच्यानं पेज, थोडं दूध, पुन्हा काही वेळानं तेवढंच. मी तसंच केलं. पहिला चमचा तोंडात गेला तेव्हा आयनं डोळे मिटले आणि माझं मनगट घट्ट धरलं. तिच्यात एवढी पकड उरलेली असेल असं मला वाटलं नव्हतं. मी रडले. रडताना शिव्या देत होते, तेही खरं.

दोन दिवस आय माझ्या हातून खात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं चमचा ढकलला. "आज एकादस हाय." त्या दिवशी एकादशी नव्हती. मी कपाळाला हात लावला. डॉक्टर फेरीवर आले तेव्हा त्यांना सांगितलं. तेही विचारात पडले. या आजारात माणसं हट्टाला पेटतात, खाणं नाकारतात, असं म्हणाले. संध्याकाळपर्यंत आय विसरली आणि पुन्हा पेज प्यायली. पण एक दिवसाआड तेच. बरी खायची, मधेच एकादशी निघायची, मग दिवसभर तोंडात काही नाही. वजन वाढेना.

आयच्या शेजारच्या खाटेवर खैरूनबी होत्या, पनवेलच्याच, पोटाच्या दुखण्यानं आलेल्या. पान खायची सवय आणि दवाखान्यात पान बंद, म्हणून दिवसभर कुरकुरत आणि सगळ्यांवर नजर ठेवून असायच्या. एका सकाळी मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बेटी, बुरा मानू नकोस. तुझी भावजय येऊन गेली की तुझ्या अम्माला रोजा लागतो."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"ती डबा घेऊन येते. तू कपडे धुवायला जातेस. ती अम्माच्या कानाशी वाकते, काही बोलते आणि जाते. मग तू येतेस, आणि अम्मा खात नाही. मी चार वेळा बघितलं. खुदा गवाह."

दुसऱ्या दिवशी मी कपड्यांची बादली उचलली, दारापर्यंत गेले आणि मागच्या बाजूनं परत आले. जखमा धुताना लावायचा हिरव्या कापडाचा पडदा दोन खाटांच्या मध्ये उभा होता. मी त्याच्या मागं थांबले. वहिनी आली. डबा ठेवला. आयच्या कानाशी वाकली. तिचा आवाज मऊ होता, लेकराला थोपटताना असतो तसा. "आत्याबाय, आज एकादस हाय हां. काय मागायचा नाय. मुकाट पडून ऱ्हायचा."

आय म्हणाली, "बरं."

मी पडद्यामागून बाहेर आले नाही. तिथंच तिच्या झिंज्या धरायचं माझ्या फार मनात होतं. पण मला वाटलं, दवाखान्यात भांडण झालं तर उद्या ती आळीत जाऊन सांगेल की नणंद वेडी झाली. दादा तिची बाजू घेईल, आळी दोघींना समजावेल आणि सगळं मिटवून टाकतील. मला हे मिटायला नको होतं. तिच्या तोंडातून गेलेला शब्द तिच्याच पदरात, सगळ्यांच्या देखत पडायला हवा होता. मी बादली घेऊन नळावर गेले आणि कपडे इतके आपटले की आयच्या पोलक्याची शिवण उसवली.

डॉक्टरांना मात्र मी त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "तिला विचारलंत तर ती सांगेल की म्हातारीला शांत ठेवायला बोलत होते. बहुतेक सुरुवात तशीच झाली असेल. मग तिच्या लक्षात आलं असेल की कमी खाल्लं की कमी घाण होते. कमी धुवावं लागतं." ते पुढं म्हणाले, "असा रुग्ण एकट्या माणसावर टाकला की चांगलं माणूससुद्धा कधी ना कधी या थराला येऊन पोचतं. घरातल्या बाकीच्यांनी हात लावायला हवा होता."

मला त्यांचा राग आला. मला त्या वेळी समजूतदारपणा ऐकायचा नव्हता. पण त्यांनी एक काम केलं, त्याबद्दल मी जन्मभर ऋणी राहीन. त्यांनी नर्सला सांगून ठेवलं की मुलगी जवळ नसेल तेव्हा या खाटेपाशी घरच्या कुणालाही सोडायचं नाही. त्या दिवसापासून आय रोज खाऊ लागली. महिन्याभरात ती भिंतीला धरून उभी राहिली.

सूड कसा घ्यायचा ते मला खैरूनबींमुळे सुचलं. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आमच्यात बीमार माणसाला रोजा माफ असतो. तुमच्यात अम्माला एकादशी माफ नाही का?"

मी दवाखान्याच्या पायरीवरून उठले ती थेट आमच्या आळीच्या भटजींकडे गेले. त्यांनी सांगितलं की अंगात ताकद उरली नाही तर व्रताचं उद्यापन करता येतं. म्हणजे विधी करून ते व्रत देवाला परत करायचं. नंतर त्या माणसावर एकादशीचं बंधन राहत नाही. द्वादशीला सकाळी पूजा, मग पारणं, म्हणजे उपास सोडायचा, आणि लोकांना जेवण. मी विचारलं, "कुठं करायचं?" ते म्हणाले, "जिथं व्रत पाळलं त्या घरी झालं तर उत्तम."

मला तेच ऐकायचं होतं.

दादाला सांगितलं तर तो हरखला. आयच्या भक्तीचा सोहळा त्याच्या घरी! त्यानं सगळी आळी बोलावली, गिरणीतले सोबती बोलावले. वहिनीनं अंगण सारवलं, ठेवणीतलं लुगडं काढलं. मला म्हणाली, "अनशे, तू बरी आठवन काढलीस." मी म्हटलं, "काढावी लागतेच, वैनी."

द्वादशीला सकाळी आयला टांग्यातून घरी आणलं. नखं कापलेली, केस विंचरलेले, धुवट पांढरं लुगडं. बायकांनी पाया पडायला गर्दी केली. पूजा झाली. भटजींनी आयच्या हातात पाणी देऊन ते ताम्हनात सोडायला लावलं आणि व्रत संपलं असं सांगितलं. अंगणात पत्रावळी मांडल्या होत्या. वरण-भात, भोपळ्याची भाजी, अळू, तांदळाची खीर. सगळे पानावर बसले, पण आय जेवल्याशिवाय कुणी घास घेणार नव्हतं.

मी उभी राहून म्हटलं, "आयला पारण्याचा पहिला घास वैनीनं भरवावा. एवढे दिवस तिनंच आयचे उपास सांभाळलेत."

सगळ्यांना ते आवडलं. येसूमावशी म्हणाली, "खरा हाय. सुनेचा मान हाय तो." वहिनी लाजत आयपुढं बसली. वरण-भाताचा घास केला, तूप लावलं. "आत्याबाय, घास घ्या."

तो आवाज कानावर पडताच आयनं तोंड मिटलं आणि मान फिरवली.

"घ्या ना, आत्याबाय."

"नको. आज एकादस हाय."

भटजी हसून म्हणाले, "आजी, आज द्वादशी. आज जेवायचं."

आयनं त्यांच्याकडे बघितलं. ती गोंधळली होती. मग तिनं बोट उचलून वहिनीकडे केलं. "ही सांगते ना. रोज सांगते. एकादस हाय, काय मागायचा नाय, मुकाट पडून ऱ्हायचा." मग भटजींना, जणू ते कुणी मोठे अधिकारी आहेत आणि तक्रार ऐकून घेतील अशा आवाजात, ती म्हणाली, "भूक लागते रे बाबा. पन ही एकादस संपतच नाय."

वहिनीच्या हातातला घास तसाच होता, तूप मनगटावरून ओघळत होतं. मी तिच्याकडे बघत होते. इतके दिवस मी ज्याची वाट बघत होते ते मला मिळालं होतं आणि मी ते डोळे भरून बघितलं. मला त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही.

येसूमावशी पानावरून उठली. "जने, मी रोज हिच्या पायावर डोका ठेवत व्हते," ती म्हणाली. "उपाशी मारलेल्या म्हातारीच्या पाया पडाया लावलास तू आमाला." तिनं पत्रावळीला नमस्कार केला आणि निघाली. तिच्यामागं एकेक बाई उठली. मग बाप्ये उठले, गिरणीतले लोकही. भरलेल्या पानावरून माणसं उठून जाणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. वहिनीनं आयुष्यभर ज्या नावाला जपलं होतं ते त्या अंगणात वाढलेल्या भातासारखं थंड होत गेलं.

वहिनी मग बोलली. रडली नाही, बोलली. "धुवाला कोन व्हता? ही गनपतीला येते, पाया पडते, जाते. हा गिरनीतनं येतो, जेवतो, झोपतो. आयशीची लुगडी मी धुतली. दिवसातनं चार चार येला मी धुतली. आळीत जाऊन माझाच नाव घालवत व्हती ती."

तिचा शब्द न् शब्द खरा होता. तरीही मी तिला सोडलं नाही. हात भरून आले तर ओरडायचं होतं, आळी गोळा करायची होती, आयला माझ्या दारात आणून टाकायचं होतं. भुकेल्या माणसाला देवाची शपथ घालून गप्प बसवायचं नव्हतं.

दादा पायरीवर बसला होता. मला म्हणाला, "तू आधी मला सांगायचास ना, अनशे."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" मी म्हटलं. "आय तुझ्यासमोर वाळत होती आणि तू तिच्यासमोर बसून रोज जेवत होतास. तुला एकादशी पंधरवड्यातनं एकदा येते एवढंही कळलं नाही?"

आयनं मग माझ्या हातून भात खाल्ला, खीर खाल्ली आणि सगळे कुठं गेले म्हणून विचारलं. त्याच दुपारच्या गाडीनं मी तिला पेणला आणलं.

पेणला काय केलं ते सांगते, कारण उपयोगाचं तेवढंच आहे. डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं की तुम्हीही एकट्या करू नका, नाहीतर तुमचीही जनी होईल. ते वाक्य मला झोंबलं, पण मी ते पाळलं. सकाळचं धुणं माझं, दुपारी यजमान तिच्यापाशी बसायचे, संध्याकाळी मुलगी. आठवड्यातला एक दिवस शेजारीण सांभाळायची, मी त्या दिवशी घराबाहेर पडायचीच. जेवून पुन्हा जेवण मागितलं तर "आत्ताच जेवलीस" असं आम्ही कधी म्हटलं नाही. लाह्यांचा डबा हाताशी असायचा, मूठभर द्यायचो. ती खूश आणि आमच्या डोक्याला ताप नाही. कूस बदलायची, पाठ बघायची, नखं बघायची.

तुमचं माणूस दुसऱ्याच्या घरी असेल तर सणाला जाऊ नका. सणाला सगळी घरं चकचकीत असतात. कुठल्याही वारी, जेवणाच्या वेळेला, न सांगता जा. लुगडं बदलायला स्वतः घ्या, म्हणजे कंबर दिसेल. जीभ बघा. म्हातारं माणूस खातच नाही असं कुणी तुम्ही विचारायच्या आधीच सांगायला लागलं, तर त्या माणसाला खोलीबाहेर पाठवा आणि स्वतःच्या हातानं घास भरवून बघा. आणि तिथं राबणाऱ्या बाईला विचारा की तू शेवटची कधी निवांत बसलीस. हे शेवटचं मी डॉक्टरांसाठी लिहिते आहे. मला ते लिहिताना बरं वाटत नाही.

आय जेवायला बसली की रोज विचारायची, "आज काय हाय गो?" मी म्हणायची, "आज द्वादशी, आय." तिचा चेहरा असा फुलायचा की काय सांगू. तिच्या हिशेबी कित्येक महिन्यांचा उपास आजच सुटत असायचा. रोज.

मीसुद्धा एकादशी सोडली. माळकऱ्याची लेक असून सोडली. आणि आयला एसटीचा प्रवास झेपू लागल्यावर मी माझ्या सुडाचा दुसरा भाग सुरू केला. अधूनमधून एखाद्या एकादशीला मी तिला घेऊन पनवेलला जायची. दादाच्या घरी त्या दिवशी सगळ्यांचा उपास. मी पडवीत पाट मांडायची, आयला बसवायची, शेजारी मी बसायची आणि म्हणायची, "वैनी, आमाला दोघींना वाढ." भात, वालाचं बिरडं, सगळं. वहिनीनं स्वतः उपाशी राहून चुलीपुढं शिजवायचं, वाढायचं आणि समोर उभं राहून आमचं जेवण बघायचं. आळीतल्या बायका कुंपणावरून बघायच्या. दादा खाली मान घालून पाणी आणून द्यायचा. नाही म्हणायची त्या दोघांची छाती नव्हती. मी दोनदा भात मागून घ्यायची, भूक नसली तरी.

असं तीन-चार वेळा झालं. शेवटच्या वेळी गेलो तेव्हा आय बरीच थकली होती. माझं नाव ती केव्हाच विसरली होती, मला "बाय" म्हणायची. पाटावर बसली, ताटाकडे बघितलं, पण हात लावला नाही. मान वर करून तिनं समोर उभ्या असलेल्या वहिनीला विचारलं, "आज काय हाय गो?"

मी तोंड उघडलं होतं. त्याआधी वहिनी खाली बसली. एकादशीचा दिवस, तिच्या पोटात सकाळपासून कोऱ्या चहाशिवाय काही नव्हतं. ती आयच्या कानाशी वाकली, तशीच, दवाखान्यात वाकली होती तशी, आणि त्याच मऊ आवाजात म्हणाली, "आज द्वादस हाय, आत्याबाय. जेवा पोटभर."

आय म्हणाली, "बरं," आणि तिच्या हातून पहिला घास घेतला.

मी वहिनीला माफ केलेलं नाही. पण त्यानंतर एकादशीला मी कधी पनवेलला गेले नाही. त्या दिवशी बिरड्याला मीठ अगदी बेताचं पडलं होतं, आय बोटं चाटून जेवली, आणि मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही.